जुन्या छायाचित्रांतील स्त्रियांच्या उन्हाळी टोप्या व कालनिर्णय

चांदा जिल्ह्यांतील जुन्या छायाचित्रांत टोपी घातलेली युरोपीय स्त्री दिसली आणि मागें नांव वा साल नसलें, म्हणजे संग्राहक 'इंग्रजी अमदानी' एवढें लिहून मोकळा होतो. पण ती अमदानी येथें १८५४ पासून १९४७ पर्यंत चालली. एवढ्या अवधींत अधिकाऱ्यांच्या पत्नी आल्या, स्कॉटिश एपिस्कोपल मिशनच्या स्त्रियाही आल्या. साल दहापंधरा वर्षांच्या आंत आणल्यावांचून त्यांपैकीं कोणाचेंही नांव दप्तरांतून शोधणें कठीण. ह्या कामीं टोपीचा उपयोग कसा करावा, तें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

सर्वांत परिचित ती भेंडाची टोपी, म्हणजेच सोला. ज्या भेंडाचीं आपल्याकडे बाशिंगें होतात, त्याच्याच गराचे थर सांच्यावर चिकटवून वर कापड मढवीत. ही टोपी स्त्रीपुरुष दोघेंही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत वापरीत. म्हणून केवळ तिच्यावरून काल ठरवूं नये. रुंद कडेची, बहुधा दुहेरी नमद्याची तराई टोपी, तिचीही गोष्ट तशीच.

खरा उपयोग पडतो तो विलायती तऱ्हांचा. हनुवटीखालीं फितीनें बांधलेलें बॉनेट १८५०-६० च्या सुमारास सार्वत्रिक होतें. सपाट माथ्याची व सपाट कडेची गवती टोपी १८९० नंतरच्या दशकांत विशेष दिसते. फुलांनीं व जाळीनें सजविलेली फारच रुंद टोपी १९०५ ते १९१२ च्या आसपासची. आणि कपाळावर भुवयांपर्यंत ओढलेली घंटेच्या आकाराची टोपी १९२० नंतरच्या दशकांतील होय.

तथापि टोपी पूर्वमर्यादा सांगते, उत्तरमर्यादा नव्हे. पोथीच्या कागदांतील जलचिन्हावरून लेखन त्यापूर्वींचें नाहीं एवढेंच सिद्ध होतें. कागद पुढें किती वर्षें पडून राहिला, तें कळत नाहीं. जुनी टोपीही अरण्यांतील मुक्कामावर कैक वर्षें चालविली जाई. शेजारच्या एतद्देशीय स्त्रियांच्या डोक्यावरील पदर तर पिढ्यानुपिढ्या टिकलेला. त्यावरून साल निघत नाहीं.

म्हणून दुसरा पुरावा जोडावा. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, पिवळसर पडलेला, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा पातळ ठसा बहुधा १९०० पूर्वींचा असतो. पार्श्वभूमीवरील जटपुरा दरवाजा स्थळ सांगेल, काल सांगणार नाहीं. सिरोंचा वा अहेरी येथील चित्रावर 'चांदा' लिहिलेलें असल्यास तो प्रमाद मानूं नये. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला.

शेवटीं विज्ञ संग्राहकांस एवढीच विनंति कीं, अनुमान चित्राच्या पाठीवर शाईनें लिहूं नये. वेगळ्या पाकिटावर 'सुमारें १८९०-१९००' असें लिहून कारणही नमूद करावें. अवधि प्रामाणिकपणें लिहिला, तर पुढील संशोधकास त्या स्त्रीचें नांव सांपडण्याची आशा राहते. चुकीचें निश्चित साल ती वाट बंद करतें.