गर्भाशय-खरवड

गर्भाशय-खरवड : गर्भाशयाच्या पोकळीचा अंतःस्तर किंवा गर्भपातानंतर पोकळीत राहिलेले अवशेष योनिमार्गे उपकरण घालून खरवडून काढण्याच्या लहान शस्त्रक्रियेस ‘गर्भाशय-खरवड’ म्हणतात. व्यवहारात ती ‘क्युरेटिंग’, ‘डी अँड सी’ किंवा ‘पिशवी साफ करणे’ या नावांनी परिचित आहे. पोटावर छेद घ्यावा लागत नसल्याने व शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांत संपत असल्याने रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाते. त्यामुळे नंतरच्या रक्तस्रावाकडे लक्ष ठेवण्याचे काम मुख्यत्वे रुग्णाला व तिच्या घरच्यांनाच करावे लागते.

इतिहास : झोझेफ रेकाम्ये (१७७४–१८५२) या फ्रेंच वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गर्भाशयासाठी खरवडणी वापरात आणली. आल्फ्रेट हेगार (१८३०–१९१४) या जर्मन स्त्रीरोगतज्ञांनी योजलेले क्रमाने वाढत्या व्यासाचे विस्फारक आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. १९५८ मध्ये चीनमधील वैद्यांनी निर्वात चूषण पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले. ही पद्धत अधिक सुरक्षित असल्यामुळे पहिल्या तिमाहीतील गर्भपातासाठी धारदार खरवडणीऐवजी तीच वापरावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

उद्देश व पद्धती : अनियमित किंवा अतिरिक्त ऋतुस्राव आणि रजोनिवृत्तीनंतर होणारा रक्तस्राव यांचे कारण शोधणे, तसेच अपूर्ण गर्भपातातील अवशेष काढणे, हे प्रमुख उद्देश होत. भूल देऊन किंवा ग्रीवेभोवती संवेदनाहारक औषध टोचून ग्रीवा विस्फारतात व नंतर खरवडणी किंवा चूषण नलिका आत घालतात. निघालेले ऊतक सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी पाठवितात. हा अहवाल आठवणीने घेणे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे आहे. रजोनिवृत्तीनंतरचा स्राव थांबला तरी अंतःस्तराचा कर्करोग नाही, असे केवळ त्यावरून ठरत नाही.

रक्तस्राव व भरून येणे : अंतःस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर ऋतुस्रावात गळून पडतो. खालचा तलस्तर टिकून राहतो व त्यातील ग्रंथींच्या उरलेल्या भागांपासून नवे आवरण तयार होते. खरवडीत मुख्यत्वे वरचा थर निघतो, म्हणून ही जखम काहीशी ऋतुस्रावासारखीच असते. गर्भाशयाच्या भित्तीतील परस्परांत गुंतलेले स्नायुतंतू आकुंचन पावले की त्यांमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात व स्राव ओसरतो. ओटीपोटात येणाऱ्या कळा या आकुंचनामुळेच येतात. आत अवशेष राहिल्यास आकुंचन नीट होत नाही आणि स्राव चालूच राहतो.

सामान्यतः एकदोन दिवस कळा येतात व काही दिवस ते दोन आठवडे थोडा स्राव किंवा डाग दिसतात. स्राव मध्येच थांबून पुन्हा दिसू शकतो. लाल रंग हळूहळू तपकिरी होतो. पुढची पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत येते. गर्भपातानंतर मात्र पाळी येण्यापूर्वीच, दोन आठवड्यांच्या आतही, अंडमोचन होऊ शकते; म्हणून गर्भधारणा नको असल्यास संततिनियमनाचा उपाय लगेच सुरू करावा लागतो.

घ्यावयाची काळजी : स्राव शोषण्यासाठी स्वच्छ घडी किंवा पॅड वापरावे; योनिमार्गात काही घालू नये. वैद्य सांगतील तितके दिवस, साधारणतः एक ते दोन आठवडे, समागम टाळावा. स्नानास व नेहमीच्या आहारास हरकत नसते. भुलीचा अंमल पूर्ण उतरेपर्यंत वाहन चालवू नये. प्रतिजैव औषधे दिली असल्यास ती पूर्ण घ्यावीत. आर-एच ऋण रक्तगटाच्या स्त्रीला गर्भपातानंतर अँटी-डी अंतःक्षेपणाची गरज आहे काय, हे वैद्यांना ७२ तासांच्या आत विचारावे.

धोक्याची लक्षणे : लागोपाठ दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजणे, मोठ्या गुठळ्या पडणे, घेरी येणे, ३८° से. किंवा त्याहून अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि वाढत जाणारी पोटदुखी यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालयात जावे. यांमागे राहिलेले अवशेष, जंतुसंसर्ग किंवा क्वचित गर्भाशयाला पडलेले छिद्र असू शकते. स्राव एकाएकी थांबून कळा तीव्र झाल्यास पोकळीत रक्त साचल्याचा संभव असतो. आठ आठवड्यांत पाळी न आल्यास गर्भधारणेची तपासणी करावी. तलस्तराला इजा होऊन पोकळीच्या भित्ती एकमेकींस चिकटल्यानेही पाळी बंद होते. या विकाराचे सविस्तर वर्णन जोझेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये केले.

सामाजिक बाजू : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७% स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा स्त्रीला इतरांना सोसवेल इतका रक्तस्रावही घातक ठरू शकतो. तरीही ‘विटाळा’च्या कल्पनेमुळे किंवा गर्भपात उघड होईल या भीतीने स्राव लपविला जातो. भारतात १९७१ च्या कायद्याने ठराविक अटींवर गर्भपात वैध आहे व स्त्रीची ओळख गुप्त राखण्याचे बंधन वैद्यांवर आहे. त्यामुळे संकोचापायी उपचारांस उशीर करण्याचे कारण नाही. वेळीच वैद्यांकडे गेल्यास यांतील बहुतेक उपद्रवांवर उपचार करता येतात.