काळ हेच पात्र : आर्नल्ड बेनेट यांची ‘द ओल्ड वाइव्ह्ज टेल’

कौटुंबिक महाकादंबरी म्हटली की अनेक पिढ्या, वाटण्या, कज्जे आणि ऱ्हास डोळ्यांसमोर येतात. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडी कादंबरीमुळे मराठी वाचकाला हा प्रकार परिचयाचा आहे. परंतु ज्या कुटुंबाजवळ गमावण्यासारखे मोठे वैभवच नाही, त्याची दीर्घ कहाणी कशाच्या आधारे उभी राहते? आर्नल्ड बेनेट (१८६७-१९३१) यांची १९०८ मधील ही कादंबरी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

तिचा उगम बेनेट यांनी प्रस्तावनेत सांगितला आहे. १९०३ मध्ये पॅरिसच्या एका भोजनगृहात एका स्थूल, विक्षिप्त वृद्धेला लोक हसत होते. ही स्त्री एके काळी तरुण होती आणि तिच्यातील प्रत्येक बदल तिच्याही नकळत घडला, हा विचार त्यांच्या मनात रुजला. मोपासाँच्या ‘एका आयुष्या’चा (१८८३) आदर्श समोर होताच, बेनेट यांनी एकीऐवजी दोन आयुष्ये घेतली.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कुंभारकामाच्या परगण्यातील बर्स्ली हे कल्पित गाव आणि तेथील बेन्स कुटुंबाचे कापडाचे दुकान, एवढाच या कथेचा मूळ परिसर. कॉन्स्टन्स दुकानातील सॅम्युअल पोव्हीशी विवाह करून तेथेच राहते. सोफिया जेरल्ड स्केल्स या फिरत्या विक्रेत्याबरोबर पळून जाते, पॅरिसमध्ये त्याच्याकडून टाकली जाते आणि पुढे खानावळवजा निवासगृह चालवते. सुमारे तीस वर्षांनी बहिणी पुन्हा एकत्र येतात.

१८७०-७१ चा पॅरिसचा वेढा सोफियाच्या वाट्याला येतो तो खोल्यांचे भाडे आणि धान्याचा साठा यांच्या रूपाने. हे लेखकाचे औदासीन्य नव्हे. वेढ्यातून गेलेल्या एका वृद्ध दांपत्याकडे बेनेट यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांच्या लेखी तो अनेक प्रसंगांपैकी केवळ एक प्रसंग होता. उलट, पोव्ही दुकानावर नवी पाटी लावतो ही घटना बेन्स घराण्यात एका युगाचा अंत ठरते. दुकान पुढे परक्यांच्या हाती जाते. कॉन्स्टन्स मात्र त्याच घरात राहते.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२४ मधील ‘मिस्टर बेनेट अँड मिसेस ब्राउन’ या निबंधात, बेनेट घरांचे वर्णन करतात आणि माणूस निसटतो, असा आक्षेप घेतला. (त्यांचे उदाहरण मात्र १९११ च्या ‘हिल्डा लेसवेज’मधले आहे, निबंध वाचून ही कादंबरी बाजूला ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) प्रस्तुत कादंबरीत हा आक्षेप टिकत नाही, असे आमचे मत आहे. येथे माणसांना स्वतःतील बदल दिसत नाही. तो दिसतो दुकान, चौक आणि स्वयंपाकघर यांत. वास्तू हेच काळाचे माप आहे.

याचा परमोच्च बिंदू जेरल्डच्या मृतदेहापाशी येतो. सोफिया त्याला अनेक वर्षांनी पाहते ती मृत, जीर्ण म्हातारा म्हणून. राग किंवा प्रेम यांतले तिच्या मनात काही उरलेले नाही. तो तरुण होता, म्हातारा झाला आणि मेला, एवढेच तिला जाणवते, आणि त्या जाणिवेने ती हादरते. परतीच्या वाटेवरच तिला झटका येतो आणि ती मरण पावते. येथे खेद जेरल्डच्या अपराधाचा उरत नाही, निव्वळ सरलेल्या वर्षांचा उरतो. म्हणून तो कोणावर ठेवताही येत नाही.

कॉन्स्टन्सचा शेवट त्याहून साधा आहे. पाच गावांच्या एकीकरणाविरुद्ध मत देण्यासाठी ती खराब हवेत बाहेर पडते आणि त्या आजारातून उठत नाही. अंत्ययात्रेच्या दिवशी घरात उरते सोफियाची म्हातारी कुत्री. नाकारलेल्या थाळीत अजून काही खाण्याजोगे असेल म्हणून ती अडखळत पुन्हा तिच्याकडे वळते, आणि कादंबरी तेथेच थांबते.