कढईतले तेल आणि जवसाची चटणी

वाशीम जिल्ह्याच्या खरिपावर सोयाबीनचा अंमल बसला, तसे त्याचे तेल स्वयंपाकघरांतही शिरले. यातील बहुअसंपृक्त स्निग्धाम्ले, संपृक्त मेदाच्या जागी आली असता, रक्तातील अनिष्ट कोलेस्टेरॉल उतरवतात, हे खरे. परंतु कारंज्याच्या वा रिसोडच्या बाजारात भज्यांच्या कढईत तेच तेल पुनःपुन्हा तापून काळसर, दाट व फेसाळ होते, तेव्हा त्याच स्निग्धाम्लांचे ऑक्सिडीकरण होऊन रोहिण्यांच्या अस्तरास उपद्रवकारक द्रव्ये त्यात साचतात. ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपुढे गेलेले तेल वापरू नये, असा सरकारी हुकूम २०१८ पासून आहे. पण हातगाडीवर ते मोजणार कोण? त्यापेक्षा ज्वारीच्या भाकरीबरोबरची जवसाची चटणी मला भरवशाची वाटते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास वाटा ओमेगा-३ वर्गातील आम्लाचा असतो. मात्र कुटल्यावाचून त्याचे गुळगुळीत टरफल पचनास दाद देत नाही. मीठ तेवढे बेताने घालावे.