बर्फात निघणं सोपं, थांबणं अवघड

डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की मनालीच्या पुढे, पलचानहून सोलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'एमएच' पाटीच्या गाड्या दिसू लागतात. पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून दोन-तीन मुक्काम करत आलेल्या ऑल्टो, स्विफ्ट, वॅगनआर. चालवणाऱ्याने वरंधा आणि आंबेनळी भर पावसात पार केलेले असतात, त्यामुळे घाटाचं त्याला भय नसतं. पण पावसातल्या घाटाने शिकवलेलं बर्फात निम्मंच उपयोगी पडतं. उरलेली जागा भरून काढतात त्या ऐकीव गोष्टी: ढाब्यावर कुणी सांगितलेल्या, मेव्हण्याने फोनवर बजावलेल्या.

यातल्या बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी एकच गफलत आहे. गाडी निघणं, वळणं आणि थांबणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. इंजिन कोणती चाकं फिरवतं याचा संबंध मुख्यतः पहिल्या कामाशी. आणि बर्फात माणसं अडचणीत येतात ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या कामात.

गैरसमज : पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी बर्फाच्या कामाची नाही.

वस्तुस्थिती : अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असतात. गाडीचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर येतं, आणि गाडी ओढणारी चाकंही तीच. दाब जिथे हवा तिथेच पडतो. जुन्या अँबॅसिडरला किंवा पद्मिनीला ही सोय नव्हती. त्यांची मागची चाकं गाडी ढकलत. 1983 साली आलेल्या मारुती 800 पासून पुढच्या चाकांची रचना आपल्याकडे घरोघरी पोचली.

अरुंद टायरही इथे फायद्याचा. ऑल्टो 800 चा टायर जेमतेम 145 मिलिमीटर रुंद. ताज्या बर्फात रुंद टायर वर तरंगू पाहतो, अरुंद टायर बर्फ कापत खालच्या कठीण थरापर्यंत जातो. आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून धावणारी मोंटे कार्लो रॅली 1962 आणि 1963 अशी लागोपाठ दोन वर्षं एरिक कार्लसनने जिंकली ती साब 96 या गाडीने. जेमतेम 850 सीसीच्या आसपासचं इंजिन, तेही पुढची चाकं फिरवणारं. त्यानंतर 1964, 1965 आणि 1967 साली तीच रॅली इवल्याशा मिनी कूपरने मारली.

छोट्या गाडीची खरी मर्यादा वेगळी आहे. तिचं पोट जमिनीपासून फार उंच नसतं. रस्त्यावर वीतभर बर्फ साचला की गाडी पोटावर टेकते, चाकांवरचा भार कमी होतो आणि ती जागीच फिरत राहतात. तिथे चालवणाऱ्याचं कसब चालत नाही, फावडंच लागतं.

गैरसमज : फोर बाय फोर असती तर काळजीच नव्हती.

वस्तुस्थिती : निघताना आणि चढताना फोर बाय फोरचा फायदा मोठा आहे, यात वाद नाही. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबताना ऑल्टो आणि थार सारख्याच चार टायरांच्या भरवशावर असतात, आणि थार वजनाने दुपटीहून जास्त भरते.

हिशेब साधा आहे. ताशी 40 किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक दाबला की गाडी सुमारे 9 मीटरमध्ये थांबते. दबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला 30 मीटरच्या आसपास लागतात, आणि काचेसारख्या गुळगुळीत थरावर 60 च्याही पुढे. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेलं अंतर यात धरलेलंच नाही. वेग निम्मा केला की हे अंतर निम्मं होत नाही, पाव होतं. बर्फात याच्याइतकं स्वस्त सुरक्षा-साधन दुसरं नाही.

गैरसमज : बर्फ म्हणजे बर्फ.

वस्तुस्थिती : आपल्या भाषेत आकाशातून भुरभुरणारा, रस्त्यावर गोठलेला आणि रसवंतीच्या ग्लासातला, सगळा बर्फच. रस्त्यावर मात्र त्याचे स्वभाव निराळे. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ बराच दयाळू असतो, कारण टायर त्यात रुततो. शेकडो गाड्यांनी दाबून गुळगुळीत केलेला थर त्याहून वाईट. सगळ्यात दगाबाज तो पारदर्शक थर, ज्याखालून डांबर दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठून तो तयार होतो. पूल, डोंगराच्या सावलीतली वळणं आणि नाल्याचं पाणी रस्त्यावर येतं त्या जागा ही त्याची ठरलेली ठिकाणं.

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट. कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. 'आज ऊन पडलंय, थंडी कमी आहे' म्हणून निर्धास्त होणं चुकीचं.

गैरसमज : टायर नवे आहेत, नक्षी खोल आहे, मग झालं.

वस्तुस्थिती : नक्षीइतकंच महत्त्व रबराला आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना येणारे टायर उन्हात तापलेल्या रस्त्यासाठी बनवलेले असतात. तापमान सुमारे 7 अंशांच्या खाली गेलं की ते रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर असलेल्या बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात.

माँट्रियल किंवा म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींना हे पहिल्याच हिवाळ्यात कळतं. क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लावावे लागतात. जर्मनीत तारखांचं बंधन नाही, पण रस्त्यावर बर्फ असेल तर असे टायर हवेतच. ऑक्टोबर 2024 पासून तिथे फक्त तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरतात. नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरं पुरत नाहीत, कारण ती नक्षीबद्दल सांगतात, बर्फावर घेतलेल्या चाचणीबद्दल नाही.

पैसे वाचवायला 'ओढणारी चाकं पुढची, तर दोनच टायर बदलू' हा विचार तिथे अनेकांच्या मनात येतो. तो धोक्याचा आहे. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची धरत नाहीत, आणि वळणावर ब्रेक लागला की गाडीची शेपटी पुढे यायला बघते. बदलायचे तर चारही.

गैरसमज : टायरमधली हवा कमी केली की पकड वाढते.

वस्तुस्थिती : हा वाळूतला उपाय आहे. बर्फाच्या रस्त्यावर कंपनीने सांगितलेलाच दाब ठेवावा. थंडी आपणहून हवा उतरवते: तापमान साधारण 6 अंशांनी घसरलं की दाब एक पीएसआयने कमी होतो. म्हणून वर पोचल्यावर, सकाळी टायर थंड असताना तो पुन्हा तपासावा.

गैरसमज : चेन लावली की काम फत्ते.

वस्तुस्थिती : पहिला प्रश्न कोणत्या चाकांना? पुढच्या, दोन्ही. मागे बांधलेली चेन अशा गाडीला ओढायला काडीची मदत करत नाही. बर्फ पडला की सोलंग आणि अटल बोगद्याच्या बाजूला पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच सोडतात, त्यामुळे वाटेत भाड्याने चेन मिळते. पण ती आपल्या टायरच्या मापाची आहे ना, घट्ट बसली ना, हे बघून घ्यावं. शंभर-दोनशे मीटर गेल्यावर उतरून पुन्हा ताणावी. वेग ताशी 30 च्या आसपास ठेवावा आणि उघडं डांबर लागलं की काढून ठेवावी, नाहीतर चेन आणि टायर दोन्ही झिजतात. चेन असली तरी मागची चाकं मोकळीच आहेत, हे उतारावर विसरू नये.

गैरसमज : डिकीत वजन टाकलं की गाडी घट्ट बसते.

वस्तुस्थिती : मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या काळातला हा सल्ला. आपल्या गाडीत डिकीतलं वजन पुढच्या चाकांवरचा भार हलका करतं. चढावर तर भार आपसूकच मागे सरकतो. पुढच्या चाकांच्या गाडीची खरी दुखरी बाजू हीच. डिकीत एक लहान पिशवी वाळू जरूर असावी, पण रुतलेल्या चाकाखाली टाकायला.

गैरसमज : घसरली की ब्रेक दाबा, फारच झालं तर हॅन्डब्रेक ओढा.

वस्तुस्थिती : पुढची चाकं घसरली की स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. घाबरून माणूस आणखी वळवतो. करायचं ते उलट: रेस सोडायची, स्टिअरिंग किंचित सरळ करायचं आणि चाकांना पुन्हा रस्ता धरू द्यायचा. हॅन्डब्रेक मागची चाकं जखडतो, आणि मग गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

एप्रिल 2019 पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ते चाकं जखडू देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पण भुसभुशीत बर्फात एबीएसमुळे थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं. पायाखाली ब्रेक थरथरतो तो बिघाड नव्हे. तेव्हा पाय उचलायचा नाही.

उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करण्याची खोड तर घरीच सोडून यावी. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या आधाराने उतरावं. निघताना चाकं जागीच फिरत असतील तर दुसरा गिअर टाकून क्लच हळू सोडावा. जोरात रेस दिल्याने चाकाखालचा बर्फ वितळून तिथेच काच तयार होते.

रात्री गाडी लावताना हॅन्डब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा. ओला हॅन्डब्रेक गोठून सकाळी सुटत नाही.

गैरसमज : रेडिएटरमध्ये पाणी आहे, चालेल.

वस्तुस्थिती : आपल्या हवेत चालतं. शून्याखाली तेच पाणी गोठतं, फुगतं आणि इंजिनला तडा देऊ शकतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे 35 अंशांपर्यंत चिंता नाही. वायपरच्या टाकीतलं साधं पाणीही गोठतं. आणि काचेवरचा बर्फ काढायला उकळतं पाणी ओतू नये; काच तडकते.

गैरसमज : अडकलो तर हीटर लावून रात्र काढू.

वस्तुस्थिती : हा गैरसमज जीव घेतो. साचत जाणाऱ्या बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही; माणसाला नुसती झोप येते. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक दगावले. त्यांतल्या काहींचा जीव याच वायूने गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. अडकल्यास आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन अधूनमधून दहा मिनिटंच चालवावं आणि एक काच बोटभर उघडी ठेवावी. म्हणूनच गाडीत घोंगडी, पाणी आणि कोरडं खाणं हवं.

तेव्हा छोटी गाडी घेऊन जायला हरकत नाही. मोकळ्या, सपाट जागी ताशी पंधराच्या वेगात एकदा ब्रेक दाबून बघा, म्हणजे आज रस्ता किती धरतोय ते कळेल. चढ निघाला म्हणजे उतार निघेलच असं नाही, आणि परतीची वेळ संध्याकाळची, म्हणजे रस्ता गोठण्याचीच असते. दुपारी तीनच्या आत परत फिरा. आणि नाक्यावरचा पोलीस 'इथून पुढे नको' म्हणाला, तर हुज्जत न घालता गाडी तिथेच वळवा.