पुंज गोपनीय तुलना
दोन पक्षांजवळील गुप्त माहिती उघड न करता ती एकसारखी आहे की नाही, एवढेच पुंज सिद्धांताच्या आधारे ठरविण्याची पद्धती. सातारा व सांगली भागातील हळदीच्या वखार-पावतीवर कर्ज घेता येते. एकच पावती साताऱ्यातील व सांगलीतील अशा दोन बँकांकडे तारण पडली आहे काय, हे पाहावयाचे आहे. मात्र ग्राहकांचे व्यवहार परस्परांना दाखवावयाचे नाहीत, असे समजू.

याकरिता दोन्ही बँका प्रकाशकणांच्या साहाय्याने एक गुप्त किल्ली तयार करतात (बेनेट व ब्रासार यांची १९८४ ची पद्धती). वाटेत कोणी कण मोजू लागल्यास त्यांची अवस्था बिघडते व वाढलेल्या चुकांवरून चोरी उमगते. या किल्लीने आपापल्या पावती-क्रमांकाचे सारखेच रूपांतर करून त्या ते तिसऱ्या पक्षाकडे पाठवितात. किल्ली ठाऊक नसल्याने त्यास केवळ ‘समान’ वा ‘असमान’ एवढेच कळते.

तिसरा पक्ष टाळता येत नाही. केवळ दोघांत अशी तुलना पुंज नियमांच्या बळावरही पूर्ण सुरक्षित होत नाही, हे लो यांनी १९९७ मध्ये दाखविले. यांग व वेन यांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीतही तो आहे. जुन्या हत्ता पद्धतीत रुमालाखाली बोटे दाबून सांगितलेले सर्व भाव अडत्यास कळत. येथे मध्यस्थ अजाणच राहतो. तथापि तो एका बँकेस फितूर झाल्यास गुप्तता संपते. शिवाय एखादी बँक काल्पनिक क्रमांक वारंवार पुढे करून दुसरीकडील पावत्या हुडकू शकते. प्रकाशकणांना ही लबाडी ओळखता येत नाही.