कॉम्प्युटरची पदवी: गणित आणि कागदपत्रे आधी

‘कॉम्प्युटरचे शिक्षण’ या एकाच नावाखाली आज इतका वेगवेगळा माल विकला जातो की दुकानदार किंवा कारागीर बापाची फसगत होणे साहजिक आहे. तीन महिन्यांचा वर्ग, खासगी क्लासचा सोनेरी शिक्क्याचा डिप्लोमा आणि विद्यापीठाची पदवी या तिन्हींच्या पाट्या एकाच रस्त्यावर लागलेल्या असतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: मुलाला दुकानाचे हिशेब कॉम्प्युटरवर करायचे आहेत, की कॉम्प्युटर हाच त्याचा धंदा होणार आहे?

२०१७ साली जीएसटी आल्यापासून बिल, विवरणपत्र, ई-वे बिल ही कामे कॉम्प्युटरशिवाय होत नाहीत. परंतु तेवढ्यासाठी तीन वर्षांच्या पदवीची गरज नाही. हिशेबाचे पॅकेज काही महिन्यांत शिकता येते आणि उरलेले गल्ल्यावर बसून येते. मुलाला प्रोग्राम लिहायचे असतील, बँकेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायची असेल, तरच पदवीचा विचार करावा.

बारावीनंतर तीन मुख्य वाटा आहेत. इंजिनिअरिंगसाठी भौतिकशास्त्र व गणितासह विज्ञान शाखा आणि चार वर्षे लागतात. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्समध्ये गणिताचा भाग मोठा असतो. तिसरी वाट बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरच्या वापराची पदवी. प्रोग्रामिंग, माहितीची साठवण, नेटवर्क, वेबसाइट तयार करणे असे विषय त्यात येतात आणि वाणिज्य किंवा कला शाखेतून बारावी झालेल्यालाही हा रस्ता खुला आहे. त्यामुळे व्यापारी घरातल्या मुलांना तो सोयीचा पडतो. तीन वर्षांनंतर एमसीए करता येते. पूर्वी एमसीए तीन वर्षांची होती, २०२०-२१ पासून ती दोन वर्षांची झाली. म्हणजे बारावीनंतर एकूण पाच वर्षांत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण होते. नुसत्या बीसीएवर नोकरी मिळते, पण पगार बेताचा असतो. शक्य असेल त्याने एमसीएपर्यंत जाण्याचा हिशेब आधीच मांडावा, असे आमचे मत आहे.

आणि इथेच गणिताची गाठ पडते. एमसीएला पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के. बारावीला किंवा पदवीला गणित झालेले असावे अशी अपेक्षा असते. नसेल तर विद्यापीठाने ठरवलेला गणिताचा पूरक अभ्यासक्रम करावा लागतो. शिवाय राज्याच्या एमसीए प्रवेश परीक्षेतच गणित व संख्याशास्त्राचे प्रश्न असतात. देशातील एनआयटी संस्थांची एमसीएची स्वतंत्र परीक्षा आहे. तिला पदवीला ६० टक्के गुण आणि गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय, दोन्ही लागतात. अकरावीला प्रवेश घेताना ‘गणित अवघड आहे, सोडून दे’ असा सल्ला देणारे शेजारीपाजारी पुष्कळ भेटतात. पाच वर्षांनी त्यातला एकही उपयोगी पडत नाही. वाणिज्य शाखेतही गणित घेता येते. ज्याचा कल कॉम्प्युटरकडे आहे त्याने ते अवश्य घ्यावे.

बीसीएच्या प्रवेशात २०२४ पासून मोठा बदल झाला आहे. हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाने त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू केली. इंग्रजी, तर्कबुद्धी, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटरची प्राथमिक माहिती यांवर ती होते. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला त्यातले इंग्रजी जड जाते, म्हणून त्याची तयारी बारावीच्या वर्षातच हवी. पहिल्या वर्षी कित्येक पालकांना परीक्षेची खबरच नव्हती. जागा रिकाम्या राहिल्या आणि कक्षाला पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. दरवर्षी असे होईल या भरवशावर राहू नये. अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. काही महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम नाव बदलून परीक्षेविना चालू ठेवला आहे. तो वाईटच असतो असे नाही. मात्र त्यावर फी-सवलत मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त नुकसान मात्र गुणांअभावी होत नाही, कागदांअभावी होते. जुलाहा-अन्सारी, पिंजारी-मन्सुरी, बागवान, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र लागते. वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले आढळते! यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या कित्येक आजोबांनी तर शाळाच पाहिलेली नसते. अशा वेळी गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, चुलत आजोबांचे शाळेचे रजिस्टर, जमिनीचे जुने उतारे शोधावे लागतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत फार कामाला येते. मालेगाव किंवा भिवंडीच्या मोहल्ल्यात राहणाऱ्याचे मूळ गाव उत्तर प्रदेशात असेल, तर १९६७ पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात असल्याचेही दाखवावे लागते. ही धावपळ आठ दिवसांत उरकत नाही. मूल अकरावीत असतानाच प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला काढावा आणि पडताळणी समितीकडे अर्ज करावा.

ज्यांची बिरादरी मागासवर्गाच्या यादीत नाही, त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला घेता येतो. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी हवे. अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांत त्या समाजाच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, त्यांचीही चौकशी करावी.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस व एसईबीसी मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. ‘मॅनेजमेंट’च्या जागेवर थेट पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही, आणि अभिमत व खासगी विद्यापीठेही तिच्याबाहेर आहेत. ‘मुलीवर एवढा खर्च कशाला’ म्हणणाऱ्या घरात हा निर्णय वाचून दाखवावा.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा मान्यता पाहावी. एआयसीटीईची त्या वर्षाची मंजुरी आणि विद्यापीठाची संलग्नता दोन्ही दाखवा म्हणावे. प्रयोगशाळेत जाऊन चालू मशीन मोजावेत, आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला ‘स्वतः काय तयार केलेस?’ एवढेच विचारावे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यावर कोणी ‘डोनेशन’ मागितले तर ते बेकायदा आहे. प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. व्यापाऱ्याला हे शिकवण्याची गरज नाही, पण महाविद्यालयाच्या दारात व्यापारीही संकोचतो.

जो मुलगा दुकान सोडू शकत नाही त्याने निराश होऊ नये. इग्नूची बीसीए दूरस्थ पद्धतीने करता येते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र ज्या संस्थेकडे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता नाही, तिची पदवी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आयोगाच्या यादीत त्या संस्थेचे नाव आणि अभ्यासक्रम दोन्ही पाहावेत, आणि मगच अर्जावर सही करावी.