एकाच आवारातले दोन न्याय

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष जॉन थ्रॅशर यांनी आदेश काढला की विद्यापीठातल्या सगळ्या फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी (मुलांची आणि मुलींची सभासद-मंडळं) बेमुदत बंद. तीनच दिवसांपूर्वी एका फ्रॅटर्निटीच्या पार्टीत बेसुमार दारू प्यायलेला एक नवखा मुलगा दगावला होता. त्याच आठवड्यात शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ ठरल्याप्रमाणे क्लेम्सनला गेला आणि सामना खेळून आला. फुटबॉल संघाचा त्या मृत्यूशी काडीचाही संबंध नव्हता, हे खरं. पण मग उरलेल्या फ्रॅटर्निटींचा तरी कुठे होता?

आता उलटं चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. हॉकीच्या एका संघात नवख्यांचा छळ झाला म्हणून विद्यापीठाने फुटबॉल, बास्केटबॉल, पोहणं, टेनिस, सगळंच बंद केलं! अमेरिकेत असं झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

या छळाला तिकडे हेझिंग म्हणतात. आपल्या रॅगिंगचाच हा भाऊ, पण सख्खा नव्हे. आपल्याकडे सीनियर मंडळी वसतिगृहात आलेल्या कुठल्याही पोराला पकडतात. त्याचा गुन्हा एवढाच की तो नवा आहे. महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगबंदी कायदा काय किंवा यूजीसीची २००९ची नियमावली काय, दोन्ही याच अनुभवातून आलेली. हेझिंगमध्ये पोरगा आपल्या पायांनी चालत येतो. त्याला त्या टोळक्यात शिरायचं असतं आणि छळ हे प्रवेशाचं शुल्क असतं. म्हणूनच ‘तो स्वखुशीने आला होता’ हा बचाव तिथे इतकी वर्षं चालला.

बाहेरच्या माणसाला वाटतं की हे सगळं फ्रॅटर्निटींचंच प्रकरण. हॉलीवूडने तसंच दाखवलंय: ग्रीक अक्षरांची पाटी लावलेलं जुनं घर, तळघर, बिअरची पिंपं. खेळाडू म्हणजे शिस्तीचे, पहाटे उठून धावणारे. मग २००८ साली मेन विद्यापीठातल्या एलिझाबेथ अ‍ॅलन आणि मेरी मॅडन यांनी ५३ संस्थांमधल्या ११,४८२ विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. फ्रॅटर्निटी-सोरोरिटीतल्या ७३ टक्के मुलामुलींनी हेझिंगमध्ये मोडणारा काही ना काही प्रकार सोसला होता. आणि विद्यापीठाच्या क्रीडासंघांमधल्या? ७४ टक्के.

त्याआधी, १९९९मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड युनिव्हर्सिटीने केवळ खेळाडूंची पाहणी केली होती. तिच्यातला एक आकडा मला अजून पचलेला नाही. जवळजवळ ८० टक्के खेळाडूंनी आपल्याला काय काय करायला लावलं होतं त्यावर खुणा केल्या, आणि ‘तुमचं हेझिंग झालं का?’ या थेट प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे निघाले फक्त १२ टक्के. तेच कागद, तीच माणसं! उरलेल्यांच्या लेखी ती संघाची परंपरा होती, ‘टीम बाँडिंग’ होतं.

रोग सारखाच, मग औषध इतकं वेगळं का? याचं उत्तर मला नीतिमत्तेपेक्षा सातबाऱ्यात जास्त सापडतं.

फ्रॅटर्निटी ही विद्यापीठाची नसते. तिची देशपातळीवरची स्वतंत्र संघटना असते, तिची घटना, तिची वर्गणी, तिचा विमा वेगळा. घर बहुतेक वेळा माजी सभासदांच्या संस्थेच्या मालकीचं. विद्यापीठ तिला फक्त मान्यता देतं आणि ती काढून घेऊ शकतं. या विम्याचीही एक कथा आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या विमा आयुक्तांच्या संघटनेने सगळ्यात धोकादायक गिऱ्हाइकांची यादी केली, तेव्हा फ्रॅटर्निटी सहाव्या क्रमांकावर आल्या, विषारी कचऱ्याची विल्हेवाट लावणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉस काढणारे यांच्या पाठोपाठ. वीस वर्षांच्या पोरांचं राहतं घर त्या रांगेत!

संघ मात्र विद्यापीठाच्या पोटातला. जर्सीवर विद्यापीठाचं नाव, कोच विद्यापीठाचा पगारी नोकर, आणि निम्म्याहून जास्त राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वांत मोठा पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो. असा कोचच असतो. फ्रॅटर्निटीवर कारवाई म्हणजे शेजाऱ्याच्या पोराला अंगणातून हाकलणं, संघावर कारवाई म्हणजे घरच्या थोरल्याला पोलिसांत देणं. शिवाय चौकशीची पहिली पावलंही निराळी. फ्रॅटर्निटीची तक्रार विद्यार्थी-शिस्त पाहणाऱ्या कार्यालयात जाते. खेळाडू मात्र आधी कोचकडे किंवा क्रीडा विभागाकडे जातो, आणि आपली जागा, खेळायला मिळणारी मिनिटं, कित्येकदा शिष्यवृत्तीसुद्धा त्याच माणसांच्या हातात आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

इलिनॉयमधल्या व्हीटन या धर्मनिष्ठ ख्रिस्ती कॉलेजचं प्रकरण पाहा. २०१६मध्ये फुटबॉल संघातल्या एका नवख्याला खोलीतून उचलून नेलं, टेपने बांधलं आणि अर्धवट उघड्या अंगाने एका मैदानात टाकून दिलं, असा आरोप झाला. त्याच्या दोन्ही खांद्यांना इजा झाली होती. दीड वर्षाने सरकारी वकिलांनी पाच खेळाडूंवर गंभीर गुन्हे दाखल केले तेव्हा कॉलेजने आधी केलेल्या शिक्षेची बातमी बाहेर आली: काही जणांना ५० तास समाजसेवा आणि आठ पानी निबंध. निबंधाच्या पानांची संख्यासुद्धा ठरवून दिलेली!

खेळाच्या जगाला नियमच नकोत असं मात्र नाही. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची सर्वोच्च संस्था नियमांच्या बाबतीत पराकोटीची काटेकोर. २०१३पर्यंत तिच्या पुस्तकानुसार कॉलेजला खेळाडूंना फुकट बेगल देता येत असे, पण त्याला क्रीम चीज फासलं की तो नाश्ता न राहता जेवण ठरायचा आणि नियमभंग व्हायचा. पावाला काय लावलं याची नोंद ठेवणारी ही संस्था हेझिंगच्या बाबतीत मार्गदर्शक पुस्तिका काढते. शिक्षेचं काय ते ज्याचं त्याने पाहावं.

कधी कधी अख्खा संघ खरंच बसवला जातो, पण तेव्हा कारण नीट वाचावं. व्हरमाँट विद्यापीठाच्या हॉकी संघात १९९९च्या शरद ऋतूत नवख्यांची विवस्त्र करून मानहानी झाली. जानेवारी २०००मध्ये विद्यापीठाने उरलेला हंगाम रद्द केला. का? तर खेळाडू चौकशीत खोटं बोलल्याचं उघड झालं. छळ तोवर ठाऊक होता आणि संघ खेळत होता.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची गोष्ट तर चार दिवसांची. ७ जुलै २०२३ला विद्यापीठाने सांगितलं की फुटबॉल संघातल्या हेझिंगच्या तक्रारींना बाहेरच्या चौकशीत बराच आधार मिळाला आहे. मुख्य कोच पॅट फिट्झजेराल्ड यांना ते माहीत होतं याचा पुरेसा पुरावा नाही. त्यांना दोन आठवडे बिनपगारी निलंबन. जुलैत! तेव्हा सामने नसतात. दुसऱ्याच दिवशी ‘द डेली नॉर्थवेस्टर्न’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने एका माजी खेळाडूने सांगितलेले तपशील छापले आणि १० तारखेला कोचची नोकरी गेली. तीन दिवसांत पुरावा तोच होता, फक्त वाचणारे वाढले. पुढे कोचने १३ कोटी डॉलरचा दावा लावला आणि २०२५मध्ये तडजोड झाली. खेळाडूंनी त्यांच्याकडे हेझिंगची तक्रार केल्याचं पुराव्यातून सिद्ध होत नाही, असं विद्यापीठानेच मान्य केलं. म्हणजे आधीची शिक्षा फारच हलकी की नंतरची फारच जड? माझ्या मते दोन्ही शिक्षा छळाच्या मोजमापाने दिलेल्याच नव्हत्या.

तरी फ्रॅटर्निटींची बाजू घेऊन रडायचं कारण नाही. हँक न्यूअर या पत्रकाराने हेझिंगमधल्या मृत्यूंची नोंद आयुष्यभर ठेवली. १९५९ ते २०२१ या काळात असं एकही वर्ष गेलं नाही ज्यात अमेरिकेत किमान एक बळी गेला नाही, आणि त्यांतले बहुसंख्य फ्रॅटर्निटींमधले. तळघरात कडक दारू असते आणि कोच नसतो. संघांतला छळ बहुधा जीव घेत नाही, लाज घेतो. आणि लाज गेलेला मुलगा पोलीस ठाण्यात जात नाही. विद्यापीठं मृत्यूला घाबरून नियम करतात, त्यामुळे नियम फ्रॅटर्निटीच्या अंगाने वाढत गेले.

पेन स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७मध्ये बीटा थीटा पाय फ्रॅटर्निटीच्या घरात काय झालं ते घरातल्याच कॅमेऱ्यांनी टिपलं: ८२ मिनिटांत एका नवख्याला किमान १८ पेले, मग तळघराच्या जिन्यावरून पडणं, मग मदत बोलावेपर्यंत जवळजवळ बारा तास. त्या घरात सल्लागार म्हणून राहणारा माणूस विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या वैद्यकीय विभागात नोकरीला होता. त्याच्यावर कुठलाही आरोप ठेवला गेला नाही. पण दोन जगं किती जवळ असतात! एकाच माणसाच्या खिशात दोन्हींच्या किल्ल्या.

न्यायालयात मात्र चित्र वेगळंच दिसतं. पेन स्टेटच्या त्या शाखेच्या दोन पदाधिकाऱ्यांना २०२४मध्ये शिक्षा झाली ती दोन ते चार महिन्यांच्या तुरुंगवासाची. फ्लोरिडातल्या ‘ए अँड एम’ या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात २०११मध्ये बँडच्या बसमध्ये मारहाणीने ड्रम मेजरचा मृत्यू झाला, तेव्हा प्रमुख आरोपीला मिळाले ७७ महिने. राज्यं वेगळी, कायदे वेगळे, मारणं आणि पाजणं हेही वेगळं. सरळ तुलना करता येत नाही. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरेच कृष्णवर्णीय पालक काय विचारतात ते कळतं.

सगळ्यात बोलका दाखला मला वाटतो तो मेन राज्यातल्या बोडॉइन कॉलेजचा. या कॉलेजने १९९७मध्ये फ्रॅटर्निटी कायमच्या मोडीत काढायचं ठरवलं आणि काढल्याही. २०११मध्ये त्यांच्या पुरुष हॉकी संघाने आपल्या परिषदेचं विजेतेपद पटकावलं, आणि त्याच वर्षी ते परत करावं लागलं. कारण, हेझिंग.

२३ डिसेंबर २०२४ला अमेरिकेत पहिला केंद्रीय हेझिंगविरोधी कायदा झाला. त्याच्या व्याख्येत क्लब, बँड, फ्रॅटर्निटी, सोरोरिटी आणि विद्यापीठाचा क्रीडासंघ एकाच वाक्यात बसवले आहेत, आणि नवख्याची तयारी होती की नाही हा मुद्दाच काढून टाकला आहे. डिसेंबर २०२५पासून प्रत्येक संस्थेने दोषी ठरलेल्या संघटनांची नावं, काय घडलं, काय शिक्षा झाली आणि चौकशी कधी सुरू होऊन कधी संपली हे संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येईल असं मांडायचं आहे. पुण्या-नाशकातून मुलाला तिकडे बी.एस.ला पाठवणाऱ्या आईबापांनीही ते उघडून पाहावं. मात्र यादीत नाव येतं ते दोषी ठरल्यावर, आणि संघ दोषी आहे की नाही याच्या चौकशीचं पहिलं दार अजूनही बऱ्याच ठिकाणी क्रीडा विभागाच्याच इमारतीत आहे.